गाडी पाहायला नेलेला पाट

एकदा एक वृद्ध मिस्तरी ओसरीवर सुपारी कातरत बसला असता त्याचा एक जुना शिष्य धापा टाकत दारात आला. मिस्तरीचे उभे आयुष्य डिझेल इंजिनांत गेले होते. शिष्य मात्र त्याच्याकडे विजेच्या पंपांचे काम तेवढे शिकला होता. गाडीच्या इंजिनाशी त्याचा संबंध आला नव्हता.

"मिस्तरी, आजच्या आज गाडी घ्यायचीय. तुम्ही फक्त एकदा नजर टाका."

या घाईमागे एक भीती होती. शिष्याच्या पत्नीला आठवा महिना लागला होता. गाव घाटमाथ्यावर आणि दवाखाना घाटाच्या पायथ्याशी. मागच्या खेपेस जीप मिळायला उशीर झाला आणि मूल वाटेतच गेले. तेव्हापासून पत्नीने नुसते 'अगं आई' म्हटले, तरी हा जीप शोधायला धावत सुटे. तालुक्याला एका व्यापाऱ्याकडे बारा वर्षांची डिझेल गाडी स्वस्तात होती, आणि दुपारी ती पाहायला दुसरे गिऱ्हाईक येणार होते. भ्यालेल्या माणसाच्या मागे हे दुसरे गिऱ्हाईक नेहमीच उभे असते.

मिस्तरी उठला, आत गेला आणि जेवायला बसायचा लाकडी पाट काखेत मारून बाहेर आला. मागून त्याची पत्नी म्हणाली, "अहो, पाट कुठं निघाला? गाडीला जेवायला वाढताय का?"

"वेळ आली तर वाढीन," म्हातारा म्हणाला.

शिष्याला संकोच वाटला. तालुक्याला पोचल्यावर पाट पाहून व्यापाऱ्याला हसू आवरेना. "आजोबा, बसायला खुर्च्या आहेत की आमच्याकडं!"

मिस्तरी सरळ गाडीपाशी गेला. त्याने बॉनेटवर हात ठेवला. ते गरम होते.

"आत्ताच जागेवरून हलवली," व्यापारी घाईने म्हणाला.

"मग थंड होऊ दे. डिझेलचं दुखणं थंड इंजिनात दिसतं. आधीच तापवून ठेवलेली गाडी म्हणजे पावडर लावून दाखवायला आणलेली मुलगी." आणि म्हातारा खरोखरच खुर्चीत बसून राहिला. तास गेला, दीड तास गेला. शिष्य फाटकाकडे पाहून कासावीस होत होता. 'या म्हाताऱ्याच्या नादानं गाडी हातची जाणार,' असे त्याच्या मनात आले आणि लगेच त्याला स्वतःची लाजही वाटली.

इंजिन थंड झाल्यावर मिस्तरीने हवा आत नेणारा जाड रबरी नळ फिल्टरपासून सोडवला आणि त्यात बोट घातले. बोट तेलाने माखून निघाले. ते त्याने शिष्यापुढे धरले.

"एवढं चालतंच जुन्या गाडीत," व्यापारी म्हणाला. शिष्यानेही मान हलवली. त्याला ते चालवून घ्यायचेच होते.

म्हाताऱ्याने एक निःश्वास सोडला, नळाचे तोंड वर करून ठेवले आणि पाट हातात घेतला. "बस आत. कर सुरू."

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झाले. शिष्याचा चेहरा उजळला. सकाळपासून त्याच्या खांद्याला खांदा लावून असलेला व्यापारी मात्र हळूच पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभा राहिला होता. मिस्तरीने ते पाहिले.

"आता पाय दाब. अजून. आता सोड."

शिष्याने पाय उचलला. पण आवाज उतरला नाही. तो चढतच गेला. मागून पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट उठला आणि गाडी जागच्या जागी थरथरू लागली. शिष्याने किल्ली फिरवली. काही झाले नाही. त्याने किल्ली उपसून काढली. किल्ली त्याच्या मुठीत होती आणि इंजिन किंचाळत होते. त्याला दार उघडायचेही सुचेना. घाट, उतार आणि मागच्या सीटवर पोटाशी हात धरून बसलेली पत्नी, एवढेच त्याला दिसत होते.

तेवढ्यात मिस्तरीने दोन्ही हातांनी तो पाट नळाच्या तोंडावर दाबला. पाट खाडकन चिकटला. इंजिन दोन आचके देऊन थांबले.

शिष्य बाहेर आला तो जमिनीवरच बसला. त्याला रडू फुटले. व्यापारी टाकीमागून "मला काय माहीत…" असे काहीतरी पुटपुटत होता.

"झिजलेलं इंजिन कधीकधी स्वतःचंच तेल पिऊ लागतं," मिस्तरी म्हणाला. "मग त्याला ना किल्ली लागते, ना मालक. हवा तोडली तरच थांबतं. जुनी गाडी सुरू होते का, हे जो तो बघतो. ती थांबते का, ते कुणी बघत नाही."

"तेल दिसलं तेव्हाच 'नको' का नाही म्हणालात?"

"ऐकलं असतंस?"

शिष्याने मुठीतली किल्ली जमिनीवर ठेवली.

म्हाताऱ्याने उजवा तळवा पुढे केला. त्यावर एक जुना गोल व्रण होता. शिष्याने तो कितीदा पाहिला होता, विचारले कधी नव्हते. "एकदा माझ्यापाशी पाट नव्हता, नळावर हातच दाबला होता. मीही भितो, बाबा. पण माझ्या भीतीनं मला पाट घ्यायला लावला, आणि तुझ्या भीतीनं तुला डोळे मिटायला लावले. जी भीती घाई करते ती दुसऱ्याच्या कामाला येते. जरा त्या भीतीला विचार तरी, तुला नेमकं काय हवंय? तुला गाडी हवीय, का बाळंतपणाला दवाखान्याजवळ असणं हवंय? माझ्या घरापासून दवाखाना चालत दहा मिनिटांवर आहे. मागची खोली रिकामी आहे. उद्या बायकोला घेऊन ये."

शिष्याला हे इतके दिवस सुचलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी शिष्य पत्नीला घेऊन आला. म्हाताऱ्याच्या पत्नीने जेवायला तोच पाट मांडला. त्यावर नळाच्या तोंडाचे काळे वर्तुळ उमटले होते. "केवढा काळा करून ठेवलाय, घासून काढते," असे म्हणत तिने तो उचलला.

"राहू द्या, काकू," शिष्य म्हणाला, "मी बसतो त्याच्यावर." भीती अजून त्याच्या पोटात होतीच, पण त्या दिवशी तो त्या भीतीसकट पोटभर जेवला.

आपणही कशाच्या तरी भीतीने काही विकत घ्यायला निघालो असू, तर वाटेत क्षणभर थांबून पाहावे, आपल्या काखेत पाट आहे का?