सासऱ्याची बोली

"लिंबाजीनं म्हणे सासरा विकला, आणि तोही..." एवढंच ऐकू आलं, आणि आमच्या कुकरनं शिटी दिली. भिंतीपलीकडचं बाकीचं बोलणं राहूनच गेलं.

तर आमच्या बोरखडीत हा लिंबाजी, भोळा गडी. सांगाल ते करणार, फक्त भलत्याच ठिकाणी. पारावर त्याला दोन गुरू भेटले. रावजी मास्तर समाजवादवाले, पोपटशेठ भांडवलशाहीवाले. एक चहा दोघांत पितात आणि भांडतात.

मास्तर म्हणाले, "लिंबाजी, सगळं सगळ्यांत समान वाटावं."

"बरं."

घरी बायको हौसा तापानं फणफणलेली. डॉक्टरनं औषधाची बाटली दिली होती. लिंबाजीनं ती गल्लीत वाटली, घरटी एक चमचा. मीही घेतलं. कडू होतं. हौसाच्याही वाट्याला एकच चमचा आला.

शेठनं कपाळाला हात लावला. "येड्या, फुकट काही द्यायचं नसतं. बोली लावायची. जास्त देईल त्याला द्यायचं."

"बरं."

दुसऱ्या दिवशी शेठच्याच कडब्याच्या गंजीला आग लागली. शेठ धापा टाकत आले. "लिंबाजी, पाण्याची बादली दे."

लिंबाजी बादली धरून दारात उभा. "बोली बोला."

"अरे, गंजी जळतीय माझी."

"एक वार. दोन वार."

तीन वार होईपर्यंत राख झाली.

हे हौसाच्या बापाच्या, म्हादबाच्या कानावर गेलं. तो तडक आला. "संध्याकाळपर्यंत एक तरी शहाणपणाचं काम करून दाखवा जावईबापू. नाहीतर पोरगी घेऊन चाललो."

हौसा रडायला लागली. येडा असला तरी नवरा तिला तोच हवा होता.

लिंबाजी पारावर पळाला. मास्तर म्हणाले, "माझं ऐक." शेठ म्हणाले, "माझं ऐक." लिंबाजीनं दोघांचंही ऐकलं. घरात बोली लावण्याजोगं उरलं होतं काय? नुकताच आलेला सासरा.

त्यानं म्हादबाला पारावर उभं केलं. "बोली बोला."

एकही बोली आली नाही. म्हादबा जरा हिरमुसला. "कुणीतरी काहीतरी बोला की," म्हणाला.

"मग समान वाटू," लिंबाजी म्हणाला. घरटी एक दिवस.

म्हादबा एकटा माणूस, स्वतःच्या हातचं कच्चं पिठलं खाणारा. पहिल्या दिवशी जनाबाईकडं वांग्याचं भरीत, दुसऱ्या दिवशी मास्तरांकडं पुरणपोळी. आता पोरीला न्यायचं नाव काढत नाही. हौसानं विचारलं तर म्हणतो, "बघू पुढं. उद्या मी कुणाकडं आहे?"

तेव्हा, विकला हे काही खरं नाही. बोली लागली होती, गिऱ्हाईक मिळालं नाही. आमच्या वाट्याला मंगळवार आलाय.