इंदूताईंची लाकडी अक्षरं

"ही ढेरपोटी लाकडी अक्षरं चुलीत घाला! आता सगळं कॉम्प्युटरवर," असं सुनावून नगराध्यक्ष इंगवल्यांनी इंदूताई गुळव्यांच्या छापखान्याला पालिकेचं काम देणं बंद केलं. पुढच्या निवडणुकीत साहेब आपटले, आणि त्याच्या पुढच्या निवडणुकीत पुन्हा निवडून आले. तोवर पुण्यातल्या कॅफेंच्या पाट्यांवर तसल्याच अक्षरांची फॅशन आली होती. साहेबांनाही आपल्या सत्काराची पोस्टरं तशीच हवी होती. चार कार्यकर्ते घेऊन ते छापखान्यात आले. अक्षरं जागच्या जागी पाहून हसले, "कमाल आहे ताई! ज्यांना कुणी विचारत नव्हतं, ती इतकी वर्षं कशाला सांभाळलीत?"

अक्षरांना शाई लावता लावता ताई म्हणाल्या, "मध्यंतरी तुम्हालाही कुणी विचारत नव्हतं, साहेब. वहिनींनी तुम्हाला चुलीत घातलं का?"