शेवटी चढलेला

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पण इतकीही जुनी नाही, की होडीला इंजिन नसावं. तेवढं इंजिन गावात येऊन पोचलं होतं, बाकी सगळं जुनंच होतं.

एका खाडीच्या काठी कोळ्यांचं एक लहानसं गाव होतं. त्या गावात एक रीत होती. होडी धक्क्यावरून सुटण्याआधी, होडीत जो वयाने सर्वांत मोठा असेल, त्याने होडीच्या काठावर कोपर टेकवायचं आणि हात सरळ खाली सोडायचा. बोटं कोरडी राहिली तर दोर सोडायचा. बोटांना पाणी लागलं तर होडी जड झाली असं समजायचं आणि काहीतरी उतरवायचं. काय उतरवायचं यावर वाद घालायचा नाही. जे शेवटी चढलं असेल, ते आधी उतरायचं. मग ती टोपली असो नाहीतर माणूस असो.

एकदा वऱ्हाडाच्या होडीत नवरदेवच शेवटी चढला होता. हात सोडणाऱ्याची बोटं ओली झाली. त्याने मुंडावळ्यांसकट नवरदेवाला खाली उतरवलं आणि वऱ्हाड पुढे गेलं. नवरदेव मागच्या होडीने पोचला, तोवर मुलीकडचे जेवायला बसले होते. गाव पुढे कित्येक वर्षं ही गोष्ट सांगून हसत असे.

ज्याने नवरदेवाला उतरवलं, तो कोळी आता म्हातारा झाला होता. डोळे अंधुक झाले होते, पाय थकले होते. त्याचा मुलगा पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या होड्यांवर राबला आणि मग त्याने स्वतःची एक लहान होडी घेतली. तिच्या मागच्या टोकाला एक लहानसं इंजिन बसवलं. गावच्या सुताराने तळाला डांबर दिलं आणि बाहेरून, काठाच्या बरंच खाली, पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली.

"ही रेघ दिसते तोवर होडी तुझी," सुतार म्हणाला. "रेघ बुडाली की होडी पाण्याची."

त्या संध्याकाळी म्हाताऱ्याने मुलाला जवळ बसवलं. म्हाताऱ्याच्या हातात त्याची गरी होती. नारळाच्या करवंटीवर गुंडाळलेली लांब दोरी आणि टोकाला एक गळ, एवढंच.

"मला एकदा खाडीच्या तोंडाशी ने," तो म्हणाला. "काळ्या खडकापाशी जिताडा मासा येतो. एकदा गरवून बघतो. मग काही मागणार नाही."

बापाने आयुष्यात मुलाकडे काही मागितलंच नव्हतं. "नेतो ना बाबा," तो म्हणाला. "पण असं उघड्या फळीवर नाही बसवायचं तुम्हाला. जरा नीट करून घेतो होडी."

आणि तो होडी नीट करू लागला.

म्हाताऱ्याची पाठ दुखायची, म्हणून त्याने फणसाच्या लाकडाची, टेकायला पाठ असलेली बैठक केली. ऊन लागेल, म्हणून चार लोखंडी खांब रोवून वर ताडपत्री ताणली. गरी धरून हात दुखला तर काठीने गळ टाकता यावा, म्हणून काठ्या उभ्या ठेवायला दोन्ही काठांना नळीचे तुकडे ठोकले. कोळंबीच्या आमिषाला झाकणाचा डबा आणि माशाला बर्फाची पेटी आणली. म्हाताऱ्याला तासातासाला चहा लागे, म्हणून पत्र्याचा आडोसा करून स्टोव्ह बसवला. मनात प्रेम होतं, हातात कसब होतं. एक वस्तू बसली की दुसरी सुचायची.

पहिल्या वर्षी म्हातारा रोज काठी टेकत धक्क्यावर यायचा. "झाली का रे?" असं विचारायचा.

"एवढा आडोसा झाला की निघू," मुलगा सांगायचा.

होडी जड झाली. लहान इंजिन तिला ओढताना धापा टाकू लागलं, म्हणून मुलाने मोठं इंजिन घेतलं. मोठ्याला तेल जास्त लागे, म्हणून तेलाची मोठी टाकी आली. इंजिन आणि टाकी दोन्ही मागे, तेव्हा होडीचं मागचं टोक बसलं आणि पुढचं आभाळाकडे बघू लागलं. ते सरळ करायला मुलाने पुढच्या टोकात दगड भरले.

धक्क्यावरच्या बायकांना विषयच मिळाला. "काय रे, होडी सजवतोस की लग्नाचा मांडव घालतोस?" एकीने विचारलं. दुसरी म्हणाली, "सगळं आहे गं तिच्यात. फक्त माशाने बसायचं कुठे, ते त्याला कोणी सांगितलेलं नाही." मुलगाही हसला. त्यांना काय ठाऊक, कोणासाठी चाललंय ते, असं तो मनात म्हणाला.

दुसऱ्या वर्षी एक दिवस त्याच्या बायकोने त्याचं जेवण धक्क्यावर आणून दिलं. तो खांबाला रंग देत होता.

"बाबा आज दारापर्यंतच आले," ती म्हणाली.

"थोडंच राहिलंय," तो म्हणाला.

"जुनं इंजिन मी पोत्यात बांधून माळ्यावर ठेवलंय. विकू नका." एवढं बोलून ती गेली.

त्याच सुमारास एका भरतीला मुलाच्या लक्षात आलं, की सुताराची पांढरी रेघ दिसत नाही. ती पाण्याखाली गेली होती. मग त्याने विचार केला, रेघ ओढली तेव्हा होडी नुसती रिकामी होती. आता ती पूर्ण झाली आहे. पूर्ण होडीची रेघ वेगळी असणारच. त्याने ओहोटीला होडी चिखलावर टेकू दिली, जुनी रेघ खरवडली आणि चार बोटं वर नवी, सरळ, सुंदर रेघ ओढली. त्या रात्री त्याला चांगली झोप लागली.

मुलांनो, त्याला हसू नका. आपल्या आवडीच्या कामापुढे आपण सगळेच कधी ना कधी रेघ वर सरकवतो.

तिसऱ्या वर्षी म्हातारा दारापर्यंतही येईनासा झाला. अंथरुणावर बसून तो करवंटीवरची दोरी सोडायचा आणि पुन्हा गुंडाळायचा. आता त्याने विचारणंही सोडलं होतं.

पावसाळा तोंडावर आला. दुसऱ्या दिवशी गावच्या सगळ्या होड्या वर ओढायच्या होत्या. पुढचे चार महिने कोणी पाण्यात जाणार नव्हतं. तेव्हा कुठे मुलगा बापाजवळ येऊन म्हणाला, "बाबा, होडी तयार आहे. आजच्या भरतीला निघू."

चौघांनी म्हाताऱ्याला खुर्चीसकट उचलून धक्क्यावर आणलं. बघायला सारं गाव जमलं. त्याला हळूच होडीत घेतलं आणि फणसाच्या बैठकीवर बसवलं. म्हाताऱ्याने हातांनी सगळं चाचपून पाहिलं. बैठकीची पाठ, स्टोव्हचा आडोसा, नळीचे तुकडे.

"राजाचा रथ केलास रे," तो म्हणाला. मुलाला तीन वर्षांचे कष्ट फिटल्यासारखे वाटले. त्याने दोराला हात घातला.

"थांब," म्हातारा म्हणाला. "हात राहिला."

होडीत वयाने मोठा तोच होता. त्याने काठावर कोपर टेकवलं आणि हात खाली सोडला. बोटं पाण्यात गेली. मनगटही गेलं.

"बाबा, रेघ वर आहे," मुलगा घाईने म्हणाला. "चांगली बोटभर वर आहे. कोणालाही विचारा."

"रेघ मला दिसत नाही," म्हातारा म्हणाला. "पाणी लागतंय." मग त्याने विचारलं, "शेवटी कोण चढलं?"

एरवी हसणाऱ्या बायकांनी माना खाली घातल्या.

"मीच चढलो ना," म्हातारा म्हणाला. "मग मला उतरवा."

मुलगा म्हणाला, तुमच्यासाठीच तर हे सगळं केलंय, तुम्ही बसा, मी स्टोव्ह उतरवतो. पण म्हाताऱ्याने मान हलवली. त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

"नवरदेवाला उतरवलं होतं मी," तो म्हणाला. "आज स्वतःसाठी रीत मोडू? तू ये एक फेरी मारून. मी इथे बसून बघतो. आवाजावरून कळेल मला कुठे पोचलास ते."

चौघांनी त्याला परत धक्क्यावर घेतलं आणि खुर्चीत बसवलं.

मुलगा होडीत एकटाच उभा राहिला. त्याने खाली वाकून पाहिलं. बाप उतरला होता, पण होडी काही वर आली नव्हती. नवी रेघ होती तिथेच होती. तीन वर्षांत म्हातारा इतका हलका झाला होता, की तो आला काय आणि गेला काय, पाण्याला कळलंच नाही.

ते पाहिलं आणि मुलाला खाली बसवेना. आपण आणलेल्या एकेका वस्तूचं वजन त्याला ठाऊक होतं. बापाचं वजन मात्र त्याने आज पहिल्यांदा पाहिलं होतं.

त्याने आधी पुढचे दगड उचलून पाण्यात टाकले. मग स्टोव्ह काढला, पेटी काढली, टाकी काढली. ताडपत्री ओढून फेकली. सुतार न बोलावता पाना घेऊन होडीत उतरला आणि खांब सोडवू लागला. भरती भरत आली होती. घटकाभराने पाणी उलटलं असतं आणि धक्क्याखाली नुसता चिखल राहिला असता. मघाच्याच दोघी बायका पदर खोचून सामान वर घेऊ लागल्या. त्यातली एक म्हणाली, "मांडव उतरवायलाही आम्हीच लागतो." मुलाने डोळे पुसत मान डोलावली.

मोठं इंजिन चौघांनी उचलून वर घेतलं. आता होडीला इंजिन कुठलं, असं सुतार विचारणार, तोच मुलाची बायको डोक्यावर पोतं घेऊन आली. जुनं लहान इंजिन तेलपाणी करून, पुसून ठेवलेलं होतं. दोन स्क्रू आवळले आणि ते जागेवर बसलं.

म्हाताऱ्याला पुन्हा होडीत घेतलं. आता बैठक नव्हती. मुलगा मागे फळीवर बसला आणि त्याने बापाला तळफळीवर, आपल्या गुडघ्यांना पाठ टेकवून बसवलं. म्हाताऱ्याला तिथून काठापर्यंत हात पोचत नव्हता. मुलाने त्याला बगलेत धरून उचललं, तेव्हा त्याने कोपर टेकवलं आणि हात सोडला.

बोटं कोरडी होती.

"सोड दोर," म्हातारा म्हणाला.

काळ्या खडकापाशी पाणी हिरवंगार होतं आणि वारा सुटला होता. मुलाने इंजिन बंद केलं. म्हाताऱ्याने गळाला कोळंबी लावली. डोळ्यांची गरज त्याला पडली नाही. दोरी बोटांतून सरसरत खाली गेली. मग बराच वेळ काहीच झालं नाही. म्हातारा वाऱ्याकडे तोंड करून बसला होता आणि लहान पोरासारखा हसत होता.

एकाएकी दोरीला हिसका बसला. म्हाताऱ्याची बोटं मिटली, पण पुरती मिटली नाहीत. मुलाने झेप घालून दोरी धरेपर्यंत ती सैल पडली होती. गळ वर आला तो रिकामा.

"जिताडाच होता," म्हातारा म्हणाला. "मोठा होता." आणि तो मनापासून हसला.

मुलाला हसता आलं नाही. पहिल्या वर्षी ह्याच हातांनी तो मासा एकट्याने वर घेतला असता, हे त्याला कळत होतं. त्या बोटांमधलं बळ घरी बसून वाट बघण्यात गेलं होतं. त्याने बापाच्या हातावर आपला हात ठेवला आणि दोघांनी मिळून गळ पुन्हा खाली सोडला. सूर्य कलेपर्यंत ते तसेच बसून होते. मासा काही आला नाही.

त्या पावसाळ्यात म्हातारा गेला. जाण्याच्या आदल्या दिवसापर्यंत तो येणाऱ्याजाणाऱ्याला त्या जिताड्याची गोष्ट सांगत होता आणि दर वेळी मासा थोडा मोठा होत होता.

पाऊस संपल्यावर होड्या पाण्यात लोटायची वेळ आली. मुलाने सुताराला बोलावलं आणि पांढरी रेघ जुन्या जागी ओढून घेतली. फणसाची बैठक त्याने धक्क्यावर ठेवून दिली. मासळी विकून थकलेल्या बायका अजून तिच्यावर पाठ टेकतात. आणि त्या होडीत पुढे काहीही नवीन बसवायचं झालं, की तो आधी बायकोला, पोरांना, ज्यांना ज्यांना न्यायचं असेल त्या सगळ्यांना होडीत बसवायचा, हात खाली सोडून बघायचा, आणि मगच खिळा हातात घ्यायचा.

बोध: ज्याच्यासाठी आपण तयारी करतो, त्या माणसासाठी जागा आणि वेळ सगळ्यांत आधी राखून ठेवावी.