कस्तुर आणि मिरचीचा वाफा

कुठला राजा राज्य करत होता हे आता कोणालाच आठवत नाही, इतक्या जुन्या काळी रानाच्या कडेला एक गाव होतं. गाव मिरची पिकवायचं.

दर हिवाळ्यात तिथे उत्तरेकडून एक पाखरू यायचं. नारिंगी छाती, निळसर राखाडी पाठ. कस्तुर त्याचं नाव. त्याच दिवसांत मिरचीची कोवळी रोपं बुडाशी तुटून पडायची आणि शेजारची माती उकरलेली दिसायची. म्हाताऱ्यांनी निकाल देऊन टाकला होता: रोपं कस्तुरच तोडतो. तो आला की गाव फास लावायचं.

एका वर्षी सगुणा नावाच्या मुलीने आजोबांच्या हातातले फास धरून ठेवले.

"तुझ्या जन्माआधीपासून बघतोय मी त्याला," आजोबा म्हणाले.

"एकदाच बघितलंत, आजोबा. नंतर नुसते फास लावत आलात."

आजोबांना राग यायला हवा होता; आलं हसू. "बरं बाई, यंदा फास नाहीत. पण रोपं गेली तर वर्षभर बिनतिखटाचं कालवण तू खायचंस."

"खाईन की."

सगुणाने एका वाफ्यावर मासे धरायचं जाळं ताणून बांधलं. तिथे कस्तुराला शिरता येणार नव्हतं. बाकीचे वाफे उघडे ठेवले. मग रोज पहाटे ती आंब्याच्या बुंध्याआड बसू लागली. कस्तुर दोन उड्या मारी, थबके, मान कलती करी. वाळकी पानं चोचीने भिरकावून माती उकरी आणि एक गुबगुबीत अळी ओढून काढी. रोपाला मात्र तो शिवतही नसे.

काही दिवसांनी जाळ्याखालची निम्मी रोपं आडवी झाली. उघड्या वाफ्यांतली बहुतेक उभी होती.

आजोबांनी जाळ्याखालची माती बोटांनी उकरली. अळ्याच अळ्या.

"चोर मातीत होता," ते हळूच म्हणाले, "आणि आम्ही राखणदाराला मारत आलो."

सगुणाच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. आजोबांचा चेहरा बघून तिने ते गिळलं. सगळे फास आजोबांनी स्वतःच्या हाताने चुलीत घातले.

पुढच्या हिवाळ्यात कस्तुराला यायला उशीर झाला. आजोबा रोज आंब्याखाली जाऊन बसत, तिथली पानं कोणाला झाडू देत नसत. एके सकाळी सगुणा धावत आली, तर ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "हळू चाल गं. तो जेवतोय."

तात्पर्य: वर्षानुवर्षं दिसणारंसुद्धा एकदा थांबून नीट पाहिल्याशिवाय ओळखीचं होत नाही.