येसबाची दुसरी पट्टी

गारमाळ गावात येसबा नावाचा एक भोळा गडी राहायचा. सांगाल ते सगळं तो ऐकायचा. आणि गावात सांगणारेच फार होते.

येसबाचं लग्न जमत नव्हतं. तालुक्यातली सगळी घरं बघून झाली होती. घाटावरच्या करंजेवाडीत एक स्थळ राहिलं होतं. ते गेलं, की येसबा कायमचा मोकळा.

थंडीच्या दिवसांत भल्या सकाळी मुलगी बघायला निघायचं ठरलं. गाडी मामांची, म्हणजे येसबापेक्षा जरा तरुण असलेली मोठी जुनी जीप. मामांना गाडी चालवता येत नव्हती, म्हणून ते पुढच्या सीटवर बसून शिकवायचे. मागे शाल गुंडाळून आत्या.

येसबाने हीटर लावला. गार वारा आला. आत्या कुडकुडल्या.

"पाणी कमी झालं असणार," मामा म्हणाले. "पाणी घाल, की हीटर तापतो."

येसबा उतरला. बॉनेट उघडलं. इंजिनावर अख्खी बादली ओतली.

"अरे, आंघोळ कसली घालतोस? रेडिएटरचं झाकण उघडून आत घालायचं. आणि एक ध्यानात ठेव. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही. गार होऊ द्यायचं, मग उघडायचं."

"बरं, मामा."

पाणी आत गेलं. हीटर तापला. येसबा शिकला.

घाटाच्या पायथ्याशी मामांनी टपरीवरून किटलीभर चहा घेतला. किटली येसबाच्या हातात दिली आणि ते आडोशाला गेले. परत आले तर किटली वाऱ्यात दगडावर ठेवलेली, आणि येसबा शेजारी राखण करत बसलेला.

"चहा दे की रे," गाडीतून आत्या म्हणाल्या. "दात वाजायला लागले माझे."

"आत्ता नाही. गरम आहे. गार झाला की झाकण उघडतो."

त्याने झाकण उघडलं तेव्हा चहावर साय धरली होती. आत्यांनी तो तसाच प्यायला. चहापेक्षा येसबाकडे बघून त्यांचं तोंड जास्त कडू झालं.

घाट चढताना समोरच्या काचेखाली तेलाचा लाल दिवा लुकलुकला आणि विझला.

"तेलाचा दाब कमी झाला तर तो लागतो," मामा म्हणाले. "लाल दिवा दिसला, की गाडी तिथल्या तिथे बंद करायची. इंचभरही पुढे न्यायची नाही. नाहीतर इंजिन बसलं म्हणून समज."

"बरं, मामा."

पुढच्या वळणावर उसाचा ट्रक होता. ट्रकवाल्याने ब्रेक दाबला. मागचे दोन्ही दिवे लाल झाले. येसबाने भर वळणावर गाडी बंद केली, किल्ली काढली आणि खिशात टाकली. मागे एसटी, तिच्यामागे दुधाची गाडी, तिच्यामागे वऱ्हाड. सगळे मिळून हॉर्न वाजवायला लागले.

"काय झालं?" मामा ओरडले.

"लाल दिवा दिसला. तोही जोडीने."

"त्याचा दिवा त्याचा तो बघेल. तू आपला बघ."

घाटमाथ्यावर आपला दिवा खरोखरच लागला, आणि विझेना. नशिबाने तिथेच गॅरेज होतं. मिस्त्री म्हणाला, "आधी तेल मोजायची पट्टी काढून बघा."

येसबाने पट्टी ओढली. ती वरपर्यंत तेलाने माखलेली. "काठोकाठ आहे तेल," तो खूश होऊन म्हणाला.

"पहिल्यांदा येतं ते खोटं असतं, दादा," मिस्त्री म्हणाला. "चालत्या इंजिनात तेल उडतं, पट्टीला लागतं. पुसून परत आत घाला आणि परत काढा. दुसऱ्यांदा येतं ते खरं."

दुसऱ्यांदा पट्टीच्या टोकालाच काय तो थेंब होता. मिस्त्रीने तेल भरलं, दिवा विझला. ही गोष्ट मात्र येसबाच्या मनात पक्की बसली. पहिलं खोटं, दुसरं खरं.

करंजेवाडीत बैठक जमली. पोहे आले, पोह्यांमागून मुलगी आली. तिचं नाव उर्मिला. उर्मिलाला काही विचारायचं कुणाच्या मनातही नव्हतं. मोठी माणसं आपापसांत तिचं ठरवत होती.

"गाडी घरचीच," मामा म्हणाले. "नवीकोरी."

"नवी नाही," येसबा म्हणाला. "हीटर गार वारा मारत होता. तेलही पिते. मीच वाटेत चहा थंड केला आणि घाट अडवला."

मामांना ठसका लागला. आत्यांनी शाल डोक्यावरून ओढून घेतली. उर्मिला मात्र खुदकन हसली.

"बाबा, एवढी स्थळं आली, खरं बोलणारा हा पहिलाच," ती म्हणाली. "मला मुलगा पसंत आहे."

मामांचा चेहरा उजळला. आत्यांनी पर्समधून पेढे काढले. तिच्या बाबांनीही मान डोलावली. येसबाचं लग्न जमलं होतं.

"थांबा," येसबा म्हणाला. त्याने खिशातून गाडी पुसायचं फडकं काढलं आणि अदबीने उर्मिलापुढे धरलं. "हे पहिलं झालं. पहिलं खोटं असतं. तोंड पुसा, आत जा, परत बाहेर या आणि मग सांगा."

उर्मिलाने त्या काळ्याकुट्ट फडक्याकडे पाहिलं. मग येसबाकडे पाहिलं. ती आत गेली. ती बाहेर आली.

"नाही," ती म्हणाली.

येसबा मामांकडे वळला. समाधानाने मान हलवत म्हणाला, "बघा मामा, मघाशी फसलो असतो."