करवंटीतलं पाणी

कचेऱ्या निघायच्या आधीची गोष्ट. कोकणातल्या एका उघड्या कातळावर उथळ डबकं होतं आणि त्यात एका बेडकीची पिल्लं. त्यांना अजून पाय फुटायचे होते, आणि पाऊस लांबला होता.

पाणी किती आटतं ते मोजायचं काम वानराकडे होतं. तो फणसाच्या गर्द सावलीत पाण्याची करवंटी ठेवी, दुपारची झोप झाली की तिच्यात बोट बुडवी आणि साऱ्या रानाला एकच माप सांगे. "रोज नखभर आटतं. पिल्लांना पाय फुटेपर्यंत पुरेल."

बेडकी त्यावर निर्धास्त राहिली. मग एका दुपारी पिल्लांच्या पाठी उघड्या पडलेल्या दिसल्या, तशी ती धापा टाकत फणसाखाली आली.

"वानरराव, डबकं संपत आलंय. कातळावर येऊन मोजा."

"बाई, माझी करवंटी जवळजवळ भरलेली आहे. तुमचं डबकं चुकतंय."

"एकदा तरी चला."

वानर दोन पावलं उन्हात गेला आणि उड्या मारत परतला. "तिथं मोजणी होत नाही," तळवे चोळत तो म्हणाला. "पाय भाजतात." आणि झोपला.

बेडकी डबक्याकडे परतली. एकेक पिल्लू पाठीवर घेऊन ती तापल्या कातळावरून खेपा घालत राहिली. शेवटच्या खेपेला डबक्याच्या जागी नुसता ओला डाग होता.

वानरानं उठून सवयीनं करवंटीत बोट बुडवलं. आत वळवळ झाली.

"अहो, हे मोजायचं पाणी आहे," तो म्हणाला.

"म्हणून तर इथं आणली," बेडकी म्हणाली. "पुरेल असं तुम्हीच सांगितलंत."