वाकलेलं पान

त्या झाडावर दर तीन वर्षांनी शाळा गळायची. गळायची म्हणजे तिचं पान पिकायचं, शिवण उसवायची आणि तांबड्या मुंग्यांची पोरं उघड्यावर यायची. मग नवी शाळा बांधायची. झाडावर हे सगळ्यांना माहीत होतं, तरी दर वेळी धांदल व्हायचीच.

शाळा बांधायची रीत जुनी होती. एक मुंगी हिरव्या पानाची कड दातात धरी. दुसरी तिची कंबर धरी, तिसरी दुसरीची. अशी साखळी लांबत जाई आणि सगळ्या मिळून पान ओढत. जिला ते पान पसंत नसेल ती साखळीत येत नसे. पुरेशा जणी आल्या नाहीत तर पान हलतही नसे, की चला दुसऱ्या पानाकडे. कधी यात आठ-आठ दिवस जात, रुसवेफुगवे होत. पण एकदा पान वाकलं की पुन्हा कुणी कुरकुर करत नसे. मग पोरांना उचलून कडेवरून फिरवायचं. पोरांच्या तोंडून चिकट धागा निघे आणि त्याने दोन्ही कडा शिवल्या जात. हा धागा प्रत्येक पोराला जन्मात एकदाच येतो.

यंदा मापारणींनी ठरवलं की हा घोळ पुरे झाला. पानं पावलांनी मोजणं हे त्यांचं काम. थोरल्या मापारीणबाई स्वभावाने वाईट नव्हत्या, पण त्यांना धीर नव्हता. जुन्या शाळेला भोकं पडली होती, ऊन थेट पोरांच्या अंगावर येत होतं. त्यांनी तीन वर्षांचा नव्हे, चांगला बारा वर्षांचा आराखडा केला. त्यासाठी पानही हेरून ठेवलं. कुठूनसं उडत आलेलं ते भलंमोठं तपकिरी पान दोन फांद्यांच्या बेचक्यात अडकलं होतं. कडक होतं, आणि मुख्य म्हणजे आधीच गोल वळलेलं होतं.

"वाकवायची गरजच नाही!" थोरल्या बाई म्हणाल्या. मापारणींना तर हर्ष झाला.

मग सभा भरली. सगळ्या चारा आणायला जातात नेमक्या त्याच वेळी भरली, तरी बऱ्याच जणी धावतपळत आल्या. प्रश्न एकच होता: शाळेचं दार उगवतीला असावं की मावळतीला? त्यावर काय भांडणं झाली म्हणता! दोन सख्ख्या बहिणींनी बोलणं टाकलं. शेवटी उगवतीचं दार ठरलं आणि आपल्याला विचारलं म्हणून सगळ्या खुशीत घरी निघाल्या.

फक्त येसाक्का जागची हलली नाही. पोरं सांभाळणारी ही म्हातारी, तिच्याकडे सहा पोरं होती. धाकटं तर अजून नीट वळवळतही नव्हतं.

"बाई, पान कुठलं घ्यायचं, हे कधी विचारणार?"

"पान ठरलंय, येसाक्का."

"मग आम्हाला विचारलंत काय?"

"दार," थोरल्या बाई म्हणाल्या आणि मोजायला निघून गेल्या.

येसाक्का तडक बेचक्यात गेली आणि तिने पानाची कड दातात धरली. कडेचा तुकडाच पडला. रस नाही, ओल नाही, तोंडात नुसता भुगा. इतक्या वर्षांत पान ओलं की सुकं हे कुणाला वेगळं तपासावं लागलं नव्हतं, कारण ओढता ओढता शंभर जणींच्या दातांना ते कळायचं. या पानाला दात लावणारी ती पहिलीच होती.

ती घरोघर सांगत सुटली. "अगं, मेलंय ते पान!" कुणी म्हणालं, कडक आहे म्हणजे टिकाऊच. कुणी म्हणालं, आता दारसुद्धा ठरलं, कशाला मोडता घालतेस? बोलून बोलून ती थकली. तिला रडू आलं, रागही आला. शिवणीच्या दिवशी सगळ्यांची पोरं रांगेत लागली तेव्हा तिनेही आपली सहाच्या सहा आणून दिली. एकट्या तिचीच पोरं शाळेबाहेर राहिली असती, आणि ते तिला सोसवलं नसतं. धाकट्याच्या तोंडून धागा निघाला तेव्हा तिने मान फिरवली.

शाळा देखणी झाली. चौथ्या दिवशी दुपारी वारा सुटला.

वारा फार नव्हता. आधी पान करकरलं, मग बेचक्यातून सरकलं. येसाक्का ओरडायच्या आत जी ती आत घुसली आणि दिसेल ते पोर तोंडात धरून पळाली. शेवटचं पोर बाहेर निघालं आणि पान गडगडत खाली गेलं. त्याच्याबरोबर त्या वर्षीचा सगळा धागाही गेला.

कुणी सभा बोलावली नाही. येसाक्काने समोरच्या हिरव्या पानाची कड धरली. एकीने तिची कंबर धरली, मग दुसरीने, मग अबोला धरलेल्या त्या दोघी बहिणीही आल्या. सर्वांत शेवटी, खाली मान घालून, थोरल्या मापारीणबाई साखळीला लागल्या. पान वाकलं. दोन्ही कडा भिडल्या आणि पोरांना आत ठेवलं. शिवायला मात्र एकाही पोराच्या तोंडी धागा नव्हता.

तेव्हापासून त्या सगळ्या तिथेच आहेत, पानाच्या दोन्ही कडा दातांत घट्ट धरून. पुढच्या अंड्यांतली पोरं धाग्याला येईपर्यंत सोडता येणार नाही. एकीने तोंड उघडलं की तेवढी फट पडते आणि ऊन आत येतं.

काल आतून धाकट्याने हाक मारली, "येसाक्का, दार कुठल्या बाजूला आहे गं?"

सगळ्यांनी ऐकलं. कुणीच तोंड उघडलं नाही.